धुऱ्याकडची पात

"मधात काय आहे वो? ना धुरा, ना वारा. वीस वर्षं झाले, बाई कधी मधात गेल्या नाही. आज गेल्या, अन् धुरा देला कोणाले, त त्या पोरीले."

रत्नमाला हे मला सांगत नव्हती, चिखलाला सांगत होती. पण आम्ही दोघी वाकलेल्या, तिचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला, त्यामुळे तिच्या तोंडातून निघालेलं खाली पडायच्या आधी माझ्या कानावरून जायचं. मी नुसतं हूं म्हटलं. त्यानं तिला आणखीच राग आला. तिला ते कोणी ऐकायलाही नको होतं आणि कोणी न ऐकलेलंही चाललं नसतं.

तिचा राग उगाच नव्हता. धान रोवताना आम्ही मागे मागे सरकतो. पुढ्यात रोवलेले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, आणि पाठीमागे रिकामा चिखल. जिकडे जायचं तिकडे आमची पाठ. अकरा बाया एका रांगेत, आणि रांगेच्या टोकाला बांधाला लागून जी असते, तिची पात, म्हणजे रोवायचा पट्टा, धुऱ्याकडची. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला, धानाच्या दोन खाचरांमधला, तो मातीचा बांध. टोकाची बाई बाकीच्यांपेक्षा अर्धं पाऊल मागे असते. तिच्या चालीनं सगळी रांग चालते, आणि बांधी संपली की तिची टाच सगळ्यात आधी मागच्या धुऱ्याला लागते. ती म्हणते, "धुरा." मग आम्ही थांबतो. ती म्हणेपर्यंत कोणी मान वळवून बघत नाही. मान वळवली की पऱ्हे वाकडे जातात आणि कंबरही बोलते.

गिरजाबाईंनी ही पात जिल्हा फुटला त्या साली धरली. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, अर्धे नातेवाईक एका दिवसात परजिल्ह्यातले झाले, आणि त्याच पावसाळ्यात मोहाडीजवळच्या आमच्या गावातून बाईंनी रोवणीचा गट काढला. तेव्हापासून लाखनीपासून बपेऱ्यापर्यंत गटाला नाव नाही, "गिरजाबाईच्या बाया" म्हटलं की झालं. धुरा बाईंचाच. त्या आजारी असल्या तर रत्नमालाचा, हेही न बोलता ठरलेलं. आणि त्या दिवशी बपेऱ्याला बाबूलालच्या वावरात बाईंनी टोकाला रेणूला उभं केलं. रेणू त्यांच्या बहिणीची मुलगी, गटात येऊन तिला दोन पावसाळेही झाले नव्हते.

पण मला कोड्यात टाकलं ते रेणूनं नाही. बाई स्वतः मधात गेल्या, त्यानं.

मधल्या पातीचं आमच्यात वेगळं आहे. सुमनबाईंचा नवरा गेला तेव्हा पंधराव्या दिवशी गिरजाबाई त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांना टेम्पोत बसवून घेऊन आल्या. काही समजावणं नाही, धीर देणं नाही. वावरात गेल्यावर एवढंच म्हणाल्या, मधात राहा, दोहीकडून कोणी असते. सुमनबाई पाच दिवस रडत रडत रोवत होत्या. वाकलेल्या बाईचं तोंड कोणाला दिसत नाही, चिखलात आणखी चार थेंब पडले तर पऱ्ह्यांना काही होत नाही. त्यांचे हात मागे पडले की दोन्हीकडच्या बाया त्यांच्या वाट्याची एकेक ओळ घेत, आणि संध्याकाळी रांग सरळच दिसे. तेव्हापासून ज्या बाईच्या घरात काही बिनसलं असेल ती मधात. का, ते कोणी विचारत नाही. माझ्यावरही दोन वेळा मधात राहायची वेळ येऊन गेली.

दुसरा नियम उभं राहायचा. एकटीनं कंबर सरळ करायची नाही. एक उभी राहिली की अकराही उभ्या राहतात, मग गरज असो वा नसो. त्यामुळे थकली कोण ते शेतमालकाला कळत नाही. आम्हालाही नीटसं कळत नाही.

एकदा मोहाडीला बचत गटाच्या शिबिरात नागपूरच्या एका मॅडमनी बाईंना उभं करून विचारलं होतं, कठीण काळात तुम्ही टीम कशी सांभाळता? बाईंनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, वाकून. सगळं सभागृह हसलं. मॅडमनी मात्र ते फळ्यावर लिहून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. परत येताना बाई आम्हाला विचारत होत्या, थे बाई हासली काहून नाही?

तर अशा बाई त्या दिवशी कोणाला न सांगता मधात जाऊन वाकल्या. डाव्या हाताला मी, उजव्या हाताला सुमनबाई. माझ्या स्वभावात एक खोट आहे, मला दुसऱ्याची न विचारलेली गोष्ट झोपू देत नाही. माझी सासू म्हणायची, विमलाला बंद पेटी दाखवू नका. मी हळूच बघितलं. बाईंचे हात नेहमीसारखे, चार बोटांत पऱ्हे, अंगठ्यानं दाब, झालं. हातात काही फरक नव्हता.

बाई मधात का गेल्या याचं वरवरचं उत्तर सगळ्यांकडे होतं. आदल्या दिवशीची चूक.

त्या साली पाऊस थांबायलाच तयार नव्हता. पाण्यानं जागोजागी धुरे खचून गेले होते. बाबूलालच्या खालच्या अंगाला डोमाची बांधी. मधला धुरा पाण्यात विरघळून गढूळ पाण्याखाली दिसेनासा झालेला. बाजूचा धुरा तेवढा सलग होता, तो पुढे डोमाच्या बांधीच्या कडेनंही तसाच जातो. आम्ही मागे मागे सरकत होतो. बाई टोकाला होत्या. त्यांनी "धुरा" म्हटलं नाही, म्हणून आम्ही थांबलो नाही. पाऊण तासानं मागून कोणी तरी खाकरलं. डोमा छत्री घेऊन उभा होता, किती वेळ कोण जाणे. त्यानं अतिशय सभ्यपणे विचारलं, "बाई, हा धान कोणाच्या नावानं लावून राहिल्या? बांधी त माह्यी आहे."

अकराही उभ्या राहिल्या, या वेळी नियमामुळे नाही.

डोमाची अर्धी बांधी आम्ही बाबूलालच्या बारीक धानानं भरून टाकली होती. डोमाला तिथे जाडा धान लावायचा होता, त्याचे पऱ्हे काठावर काढून ठेवलेले. मग काय, सगळं उपटा, धुवा, परत बाबूलालच्या वावरात आणून लावा. उपटलेले पऱ्हे मान टाकतात, बघवत नाही. डोमा भला माणूस, तो आमच्याबरोबर उपटू लागला आणि मधून मधून म्हणत होता, एक कोपरा राहू द्या न बाई, आम्हीही बारीक भात खाऊन पाहू. बाबूलाल मात्र हसला नाही. मध्य प्रदेशातलं बालाघाट नदीपलीकडेच असल्यामुळे त्याचा राग हिंदीत येतो. तो म्हणाला, बीस साल का नाम है बाई, और ये? लाखनीच्या बाजूला रोवणीची मशीन आली आहे, फोन केला की दुसऱ्या दिवशी येते, तिला निदान आपली-परकी बांधी ओळखता येत असेल.

गिरजाबाई म्हणाल्या, चूक माझी. गोष्टीत लक्ष गेलं.

इथेच मला अडकल्यासारखं झालं. गोष्टी? बाई रोवताना बोलत नाहीत. वीस वर्षांत मी त्यांना धुऱ्यावर "धुरा" सोडून दुसरा शब्द बोलताना ऐकलं नाही. शिवाय धुरा खचला तरी त्याची बसलेली माती खाली राहते. चिखलात पाय घोट्यावर जातो, तिथे तो मधेच थांबतो. तो फरक लहान पोरीलाही कळतो.

मला कळला होता. आता लपवून काय करू? माझी टाच त्या दिवशी कडक मातीला लागली होती. मला वाटलं, धुरा असता तर बाई बोलल्या असत्या. दगड असेल, जुनं मूळ असेल. मी पाय उचलून पलीकडे टाकला आणि रोवत राहिले.

बपेऱ्याच्या कामाच्या चौथ्या दिवशी, म्हणजे रत्नमाला चिखलाशी बोलत होती त्याच दिवशी, दुपारी आम्ही जेवायला बाभळीखाली बसलो. सगळ्यांचे पाय पुढे पसरलेले, वाळत घातल्यासारखे. गिरजाबाईंच्या उजव्या पायाखालचं गवत लाल होत होतं. शिंपलीनं तळव्याला लांब चीर पडली होती. शिंपली लागली की बाई कितीही कणखर असली तरी एकदा आई गं म्हणतेच. त्या भाकरीचा तुकडा वांग्यात बुडवून शांतपणे खात होत्या.

मी म्हटलं, बाई, रक्त. त्यांनी आधी माझ्या पायाकडे बघितलं, मग सुमनबाईंच्या, आणि सगळ्यात शेवटी स्वतःच्या. काही नाही, म्हणाल्या, आणि लुगड्याची चिंधी फाडून बांधली. बांधताना गाठ एवढी आवळली की माझ्याच पायाला कळ आली. त्यांच्या चेहऱ्यावर काही नाही.

माझ्या जेठांना, थोरल्या दिरांना, शुगर होती. त्यांना असंच काही लागायचं नाही. एका हिवाळ्यात शेकोटीपाशी बसले असताना त्यांचा अंगठा भाजला, वास आला तेव्हा घरात कळलं. पुढे भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं, आधी अंगठा गेला, मग अर्धं पाऊल. डॉक्टरांनी सांगितलं होतं, यांच्या पायाला जखम म्हणजे लहान गोष्ट नाही, चिखल-पाण्यात तर जाऊच देऊ नका. हे सगळं मला बाभळीखाली बसल्या बसल्या आठवलं आणि माझी भाकर हातातच राहिली.

तरी मी बोलले नाही. चौकशी मात्र सुरू केली, तेवढं मला येतं.

रेणूला पाणी प्यायला नेलं आणि विचारलं, मावशीनं तुला धुरा काय म्हणून दिला? पोरीच्या डोळ्यांत पाणीच उभं होतं. रत्नमालाबाईंचा राग तिच्या पाठीला दिवसभर टोचत होता. म्हणाली, मावशी म्हणे तुह्यी टाच कोवळी आहे, तुले लवकर लागते. आणि मग म्हणाली, मावशीनं आणखी सांगितलं की आपण हे बोललो ते रत्नमालाबाईंना सांगू नको. मी विचार केला. रत्नमालाला धुरा दिला असता तर तिनं तोंडावर विचारलं असतं, काहून? रेणू विचारणार नव्हती. बाईंना विचारणारी नको होती.

संध्याकाळी टेम्पोत मी सुमनबाईंच्या शेजारी जागा धरली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हटलं, बाईंच्या पायाचं काही तरी आहे.  सुमनबाईंनी हळूच पिशवी उघडून दाखवली. आत एक चप्पल होती, बाईंची. सकाळी टेम्पोतून उतरताना ती आतच राहिली आणि बाई एका पायानं अनवाणी गिट्टीवरून चालत गेल्या, त्यांना पत्ता नव्हता. सुमनबाईंनी ती उचलली, जेवणाच्या वेळी त्यांच्या बाजूला ठेवली, परत राहिली, परत उचलली. उन्हाळ्यापासून हे चालू आहे म्हणाल्या. बाईंना वाटते, चप्पल तिथंच होती.

आणखी दोघी-तिघींना विचारलं तेव्हा मला गंमत वाटावी की रडावं ते समजेना. प्रत्येकीजवळ एकेक गोष्ट होती. एकीनं बाईंच्या पिशवीत शुगरच्या गोळ्या बघितल्या होत्या, बाई म्हणाल्या होत्या, आमच्या केशवरावच्या आहेत. केशवराव म्हणजे बाईंचे यजमान. ते आठवडी बाजारात दोन पाकिटं जिलेबी उभ्यानं खातात हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. दुसरी एक, पाय धुवायचं गरम पाणी बाईंच्या आधी स्वतःच्या हातावर घेऊन बघायची. प्रत्येकीला वाटत होतं आपल्यालाच माहीत आहे. प्रत्येकीनं आपापल्या परीनं झाकून घेतलं होतं. इतक्या जणींनी मिळून एवढं सांभाळलं, की त्यात बाईंचा पाय तेवढा सांभाळायचा राहून गेला.

आणि का बोलत नाही हेही प्रत्येकीला ठाऊक होतं. बाई धुऱ्यावर नाहीत तर गिरजाबाईच्या बाया म्हणजे कोण? लॉकडाऊनच्या साली टेम्पोवाले यायला तयार नव्हते तेव्हा बाईंनी आम्हाला पहाटे उठवून पाच कोस पायी नेलं आणि पाच कोस परत आणलं. स्वतः सगळ्यात पुढे. आमच्यातल्या कितीतरी घरी त्या वर्षी चूल त्यामुळे पेटली. त्या पायांना आता काय म्हणायचं? आणि म्हटलं, तर त्या उद्यापासून घरी बसतील. घरी बसलेल्या गिरजाबाई कोणाच्याच डोळ्यांसमोर येत नव्हत्या, बहुतेक त्यांच्याही.

रत्नमालाला मी विचारलं नाही. टेम्पोच्या दुसऱ्या टोकाला ती तोंड फिरवून बसली होती. मला वाटलं, हिला आपल्या पातीचं पडलं आहे, बाकी काही दिसत नाही. माझी चौकशी तेवढ्यापुरती कच्ची राहिली.

पाचव्या दिवशी सकाळी बाबूलाल आमच्या आधी वावरात येऊन उभा होता. राहिलेल्या बांध्या नाल्याकाठच्या. रात्रीच्या पाण्यानं तिथले धुरे जवळजवळ सगळेच गेले होते, तिन्ही बाजूंना दुसऱ्यांची वावरं, आणि सगळीकडे एकसारखं गढूळ पाणी. कुठे कोणाचं संपतं हे देवालाही वाकून चाचपावं लागलं असतं. बाबूलाल रेणूकडे बघून म्हणाला, ही मुलगी काल दिवसभर घाबरत रोवत होती, अर्धी बांधी मागे पडली. आज धुऱ्यावर कोण आहे ते सांगा, नाही तर मी लाखनीला फोन लावतो. शेजाऱ्याच्या दारात पुन्हा जायची माझी तयारी नाही.

"मी आहे," गिरजाबाई म्हणाल्या.

बाबूलालचं समाधान झालं. त्यानं फोन खिशात टाकला आणि नाल्याकडे निघून गेला. त्याला फक्त नाव पाहिजे होतं.

बाई खाली बसल्या. चिंधी सोडली. चीर रात्रीतून फुगली होती, कडा पांढऱ्या झाल्या होत्या. त्यांनी त्यावर खताच्या पोत्याची प्लॅस्टिकची पन्नी गुंडाळली, सुतळीनं बांधली, आणि उभ्या राहून लुगडं खोचलं. आम्ही दहाजणी ओळीनं उभ्या, हातात पऱ्ह्यांच्या जुड्या. पाऊस बारीक पडत होता. कोणी चिखलात उतरेना.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. आणि त्यातून निघालं काय, तर, बाई, चहा घेतला का? बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत मला पहिल्यांदा भीती दिसली, आणि ती चिखलाची नव्हती. त्यांना वाटलं होतं मी दुसरं काही बोलणार.

त्यांनी पाय उचलला तेवढ्यात रत्नमाला रांगेतून निघाली आणि पाण्याच्या कडेला त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. तिनं आपली जुडी खाली ठेवली.

"बाई, आज धुरा मी धरतो."

"काहून? माह्यी पात आहे थे." बाईंचा आवाज चढला नाही. "काल पोरीले देली म्हणून तुले राग आहे. मले मालूम आहे. सरक."

"राग आहे. थे मी नंतर करीन." रत्नमाला सरकली नाही. "परवा डोमाच्या बांधीत जातानी मले धुरा लागला होता, बाई. साफ लागला होता."

कोणी तरी मागे श्वास घेतला. कोण ते मी बघितलं नाही, कदाचित मीच असेन.

"मंग बोलली काहून नाही?" बाईंनी विचारलं.

"तुमी नाही बोलल्या म्हणून. मले वाटलं, बाईले लागला नाही त धुरा नसंलच. या सगळ्याइले लागला असंल, विचारा यायले, आता खाली पाहून राहिल्या पहा." आम्ही खरंच खाली बघत होतो. "अकरा जणीच्या टाचा होत्या अन् आमी तुमच्या एकटीच्या टाचेवर चालून राहिलो होतो."

"एक डाव चुकलं. माणूस चुकते."

"एक डाव नाही."

"मंग सांग. अन् मले धुरा धरता येत नसंल त मी या गटात कायले पायजे, थेही सांग."

रत्नमालाचं तोंड वाकडं झालं. आयुष्यात मी तिला रडताना बघितलं नव्हतं, आणि तेव्हाही ती वाकली नाही, आम्हा सगळ्यांसमोर सरळ उभी राहून रडली. तिनं खाली बसून बाईंच्या पायाची सुतळी सोडली, पन्नी काढली, पाय उचलून मांडीवर घेतला, आणि तळव्याच्या त्या फुगलेल्या चिरेवर आपलं बोट जोरात दाबलं. मीच डोळे मिटले. उघडले तेव्हा बाई तशाच उभ्या होत्या, रत्नमालाच्या तोंडाकडे बघत, ती काय करते आहे हे समजत नसल्यासारख्या.

"मी आता काय केलं, सांगा," रत्नमाला म्हणाली. बाईंनी खाली पायाकडे बघितलं. "तुमच्या पायाले समजत नाही, बाई. दोन वर्षं झाले, मी पाहून राहिलो. आता आमाले सगळ्याइले मालूम आहे."